लॅम रोडची रॅले: नवा रंग द्यावा की आहे तो राखावा?

लॅमरोडकर
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे एक जुनी रॅले सायकल आली आहे. वाकड्या हँडलची, दहा गिअरची, अस्सल इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची. पार गंजली आहे. रंग सोलून नव्यानं रंगवावी, की आहे तो रंग राखून नुसता गंज थांबवावा, यावर घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो चकाचक करा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला धड सांगता येत नाही.

थोडं मागचं सांगतो. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. ऐंशीच्या दशकात आम्ही पोरं रविवारी चालत देवळाली कॅम्पला जायचो आणि लॅम रोडवर एक पारशी काका या सायकलवरून जाताना दिसायचे. मुलानं विलायतेहून बोटीनं पाठवली होती म्हणे. आमच्या लेखी तेव्हा सायकल म्हणजे काळी, चोवीस इंची, कॅरियरवाली. हिचं हँडल खाली वळलेलं, टायर जेमतेम बोटभर रुंद. काकांनी पायडल मारायचं थांबवलं की फ्रीव्हीलचा असा बारीक, एकसारखा आवाज यायचा की आम्ही बोलणं थांबवून ऐकत उभे राहायचो. मी घरी हट्ट धरला. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून ॲटलस घेऊन दिली. तिच्याबद्दल तक्रार नाही, बिटको कॉलेजची सगळी वर्षं तिच्यावरच निघाली. पण ही डोक्यातून कधी गेली नाही.

आता काकांचा बंगला पाडायला काढलाय. मागच्या खोलीत जळणाच्या लाकडांखाली ही पडली होती. राखणदार ओळखीचा, त्यानं कळवलं. वारसांनी भंगाराच्या भावात दिली.

अवस्था अशी: निळा रंग निम्मा शाबूत, वरच्या दांडीवर आणि खालच्या जोडांपाशी गंज. हँडलखालच्या, डोक्याच्या नळीवरचा बगळा, म्हणजे रॅलेचं चिन्ह, जागेवर. रिमा क्रोमच्या, त्यांना खड्डे पडलेत. टायरचा हातात भुगा होतो. सीटची दांडी फ्रेममध्ये जाम. मागचा गिअर प्लास्टिकचा आहे आणि त्याला तडा गेलाय. मागच्या मडगार्डचं शेपूट कुणीतरी ब्रशनं पांढरं रंगवलंय, ते फार ओबडधोबड दिसतं, तेवढं तरी काढावं का?

गोदाकाठ
फोटो टाका आधी! आणि नंबर बघा. सीटच्या नळीवर असेल, नाहीतर क्रँकखाली, म्हणजे पायडलांच्या दांड्यांखाली, पोटाशी. 1973 पासून रॅलेनं नंबराच्या सुरुवातीला कारखान्याचं अक्षर घालायला सुरुवात केली. एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. दुसरं अक्षर महिन्याचं, आणि त्यापुढचा आकडा वर्षाचा शेवटचा आकडा.

लॅमरोडकर
गोदाकाठ, धन्यवाद! पहिलं अक्षर एन, आणि पुढे 4 आहे. म्हणजे 1974?

गोदाकाठ
1984 सुद्धा निघू शकतं. पण प्लास्टिकचा गिअर म्हणताय, तो सिम्प्लेक्स असेल तर 74च धरा. फ्रेंच कंपनी, डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे गिअर काढायची. तेव्हा हलके म्हणून मिरवले, पण वय झालं की तडकतात. तो पडलेला तडा जुळवत बसू नका, चालत्या चाकात तुटला तर आऱ्यांमध्ये जाईल.

जुनं नाशिक
पण रॅले तर भारतातही बनायची ना? आमच्या आजोबांची होती.

गोदाकाठ
बनायची. सेन-रॅले, बंगालमध्ये आसनसोलला. पुढे 1980 मध्ये सरकारनं तिचं राष्ट्रीयीकरण केलं. पण आजोबांची बहुतेक सरळ हँडलची, रॉडच्या ब्रेकची असणार. लॅमरोडकरांची जात वेगळी आहे.

सातपूरचा फिटर
रंगाचं नंतर. आधी फ्रेम सरळ आहे का ते बघा, नाहीतर वाकड्या फ्रेमला सोन्याचं पाणी दिलं तरी उपयोग नाही.

एक सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या खाचेला एका बाजूनं बांधा, पुढे नेऊन डोक्याच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजा. सारखं आलं तर मागचा भाग सरळ. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी फ्रेम सरळ करून घ्यावी लागेल, आणि ते काम जाणत्याकडूनच.

मग डोक्याच्या नळीमागे, खालच्या दांडीच्या पोटाशी बोट फिरवा. डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतं. तिथं बारीक सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. अशी फ्रेम भिंतीवर लावा, रस्त्यावर नेऊ नका. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खांद्यापाशी रंगात केसासारखी रेघ दिसली तर रंग खरवडून भिंगानं बघा, ती रंगाची आहे की लोखंडाची.

आणि नळीच्या आत बघा. बाहेरचा गंज दिसतो, आतला दिसत नाही. क्रँक काढली की बॅटरीच्या उजेडात डोकवा. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि तिथंच साचतं.

मृण्मयी_इंदिरानगर
मी चकाचकच्या बाजूनं. माझ्या सासऱ्यांची जुनी हर्क्युलिस आम्ही अंबडला एका वर्कशॉपमध्ये पावडर कोटिंग करून घेतली. गंज सँडब्लास्ट करून काढला, मग भट्टीत घातली. आज सासरे रोज तिच्यावरून भाजी आणायला जातात. गंजकी असती तर घरात कुणी हात लावला नसता. वस्तू वापरात राहणं महत्त्वाचं, जुनी दिसणं नाही.

चिमटा
मृण्मयीताई, सासऱ्यांचं कौतुक आहे, पण इथं माझा ठाम विरोध. हर्क्युलिसच्या मूळच्या काळ्या रंगासारखा रंग आजही मिळतो. या रॅलेचा निळा, त्यावरची अक्षरं, नळीवरचे पट्टे हे सगळं एकदा वाळूनं उडवलं की गेलं. नवा रंग पुन्हा केव्हाही देता येतो. जुना एकदाच मिळतो.

दुसरं, पावडर कोटिंगचा थर जाड बसतो. या फ्रेमचे जोड नीट बघा. नळ्या लोखंडी खोबणीत घुसवून जोडलेल्या असतात, तिच्या कडा कानशीनं घासून निमुळत्या केलेल्या असतात. ते काम माणसानं हातानं केलंय. जाड थराखाली त्या कडा बोथट होतात.

मृण्मयी_इंदिरानगर
कडा बघायला सायकल घेतलीय की चालवायला? 🙂

चिमटा
चालवताना थांबतोच की आपण. तेव्हा बघायला.

सातपूरचा फिटर
दोघांचं भांडण चालू द्या, पण एक गैरसमज नको. भट्टीची आच 180 ते 200 अंश असते, जोडांचं पितळ त्याच्या कितीतरी वर वितळतं, त्यामुळे जोड सुटायची भीती नाही. धोका वाळूचा. पातळ नळीवर जोरात मारली तर पत्रा खाते. रेनॉल्ड्सचं 531 वगैरे, म्हणजे पातळ, हलक्या नळ्यांचं, स्टिकर आहे का?

लॅमरोडकर
तसं स्टिकर नाही. उचलायला बरीच जड आहे. सुतळी लावली, दोन्हीकडे सारखी आली! बोटालाही काही लागलं नाही. सीटची दांडी मात्र हलायला तयार नाही.

फिटनेस_नाशिक
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. टायर, ट्यूब, रिम, गिअर, ब्रेक, केबल, रंग सगळं धरलं तर तेवढ्यात ॲल्युमिनियम फ्रेमची नवी सायकल येते. वजनाला हलकी, सुटे भाग कुठंही मिळतात. भावना ठीक आहे, पण गंगापूर रोडचा चढ भावनेवर चढत नाही.

लॅमरोडकर
राग कसला! हिशोब तुमचा बरोबर आहे. पण मला नवी सायकल नकोय. मला *ही* चालवायची आहे. हलकी हवी असती तर कधीच घेतली असती.

केमिस्ट्रीवाल्या बाई
जाम दांडीबद्दल. ती लोखंडी आहे की ॲल्युमिनियमची? चुंबक लावून बघा, कारण दोन्हीचं कारण वेगळं आणि उपाय वेगळा.

लोखंडात लोखंड अडकलं असेल तर गंजानं जागा भरली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून घट्ट होतं. आत झिरपणारं तेल सोडा, रोज थोडं, घाई नको. सायकल उलटी करून खालूनही सोडा. क्रँक काढली असेल तर सीटच्या नळीत खालून तेल जातं, ते बहुतेकांना सुचत नाही.

ॲल्युमिनियम असेल तर दोन धातूंमध्ये ओलाव्यानं छोटी बॅटरीच तयार झालेली असते, आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं. तिथं तेलापेक्षा अमोनियाचं पाणी जास्त काम करतं. लोक कॉस्टिक सोडा ओतायला सांगतात. त्यानं ॲल्युमिनियम विरघळतं हे खरं, पण हायड्रोजन निघतो, पाणी उकळतं, डोळ्यात उडालं तर डोळा जातो आणि रंगही जातो. घरी अजिबात करू नका.

आता रंगावरचा गंज. तुमचा प्रश्न "रंगवू की राखू" असा आहे, पण मधला रस्ता आहे. ऑक्झॅलिक ॲसिड. केमिकलच्या दुकानात पांढरे खडे मिळतात. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर विरघळवा, जुनं सुती फडकं त्यात बुडवून गंजल्या जागेवर गुंडाळा, सुकू देऊ नका. गंज विरघळतो, रंग सहसा टिकतो. तरी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, आणि फडकं काही तासांनी उघडून पाहत राहा. मग भरपूर पाण्यानं धुऊन खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, लगेच कोरडं करा आणि मेण लावा. उघडं लोखंड तसंच ठेवलं तर रात्रीत पुन्हा तांबूस होईल.

हातमोजे हवेतच, पूड श्वासात जाता कामा नये. विषारी आहे, पोरं आणि मांजरं लांब ठेवा. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

दिंडोरीकर
बाई, आमच्याकडे म्हणतात मळीत बुडवून ठेवलं की गंज जातो. साखर कारखाना लांब नाही. फ्रेम टाकू का पिंपात?

केमिस्ट्रीवाल्या बाई
जातो खरा! पण आठवडे लागतात, वास असह्य होतो, आणि मळी परवान्यावर मिळते, तुम्हाला पिंपभर कोण देणार? छोट्या भागांना लिंबूसत्त्व पुरतं. क्रोमला तर तेही नको. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमवर घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत, आणि गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो. खड्डे भरत नाहीत, पण चमक परत येते.

गोदाकाठ
वाचनखूण साठवली. बाई, तुम्ही आम्हाला शाळेत का नव्हतात?

जुनं नाशिक
अवांतर: सायकलचा विषय निघाला म्हणून. भद्रकालीत तासाच्या भावानं सायकल मिळायची, कुणाला आठवतंय? उंची बघून छोटी की मोठी ते दुकानदार ठरवायचा. वहीत नाव, वेळ. आम्ही दोघं मिळून एक तास घ्यायचो आणि अर्धा-अर्धा वाटून घ्यायचो. दुसरा धावत मागून यायचा, कारण पहिला परत येईल याची खात्री नसायची.

पंचवटीची मुलगी
आठवतंय तर! आणि सायकलला नगरपालिकेचा बिल्ला. आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. माझे वडील रामकुंडापासून मखमलाबाद नाक्यापर्यंत सायकल ढकलत आले होते एकदा, आईनं ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मुलींना तेव्हा वाकड्या हँडलची सायकल कोण देणार. मला लेडीज सायकल मिळाली तीच केवढी मोठी गोष्ट होती. पण मनात ही असायचीच. लॅमरोडकर, तुमची तयार झाली की मला एक फेरी द्याल का? खरंच विचारतेय.

लॅमरोडकर
ताई, पहिल्या दहा फेऱ्यांत एक तुमची. नक्की.

साहेबाच्या देशातून
नमस्कार, मूळचा नाशिकरोडचा, आता बर्मिंगहॅमजवळ असतो. एक इशारा देतो, तो फार महत्त्वाचा आहे. नॉटिंगहॅमच्या त्या काळच्या बऱ्याच रॅलेंचे आटे सगळ्या जगापेक्षा वेगळे. इंचाला 26. बाकीच्या इंग्लिश सायकलींचे 24. म्हणून छर्रे ज्यांत फिरतात त्या डोक्याच्या वाट्या आणि क्रँकच्या दोन्ही वाट्या टाकू नका, कितीही खराब दिसल्या तरी. बाजारातली नवी वाटी जबरदस्तीनं पिळली तर फ्रेमचे आटे जातील. वाट्या धुवा, छर्रे नवे टाका, ग्रीस भरा. क्रँकला पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा. मागच्या हबलाही पाव इंची, पण नऊ. ते आपल्याकडे कुठंही मिळतात.

क्रँकची उजवी वाटी उलट आट्यांची असते. सोडवताना उजवीकडे फिरवा. आणि हलत नसेल तर ती काढूच नका, फ्रेममध्ये ठेवूनच साफ होते.

सीट ब्रुक्सची असेल तर तीही फेकू नका. बर्मिंगहॅममध्ये 1866 पासूनची कंपनी आहे, आजही कातडी सीट बनवते. कातडं फाटलं नसेल तर मेण लावून वाचतं.

सातपूरचा फिटर
लाख बोललात. मी भर घालतो, क्रँक धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनची. नुसती हातोडी मारली की पिन वाकते आणि मग ड्रिल करावी लागते. नट सोडून पिनेच्या टोकाशी सपाट होईल इतकाच वर ठेवा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा तुकडा उभा करा, तो जमिनीला टेकला पाहिजे आणि पिन त्याच्या पोकळीत उतरली पाहिजे. मग एकच दणका, मनापासून. दहा हलके ठोके दिले की पिन फुगते. आधार नसेल तर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो.

नव्या पिना बाजारात स्वस्त मिळतात, रॅलेला आपल्याकडची साडेनऊ मिलिमीटरचीच लागते. सपाट बाजू कानशीनं जुळवून घ्या, दोन्ही बाजूंना सारखी. आणि दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात, नाहीतर पायडलं एका रेषेत येणार नाहीत.

फिटनेस_नाशिक
वाचतोय आणि माझं मत थोडं हलतंय, एवढं मान्य करतो. पण क्रोमच्या रिमांवर माझा आक्षेप कायम. ओल्या क्रोमवर ब्रेक लागतच नाही. नाशिकचा जुलै आठवा. त्र्यंबक रोडच्या उतारावर ती सायकल कशी थांबवणार?

चिमटा
यावर मात्र मी फिटनेसरावांशी शंभर टक्के सहमत. रिमा बदलाच. राखायची ती फ्रेम. रिम, टायर, केबल, ब्रेकचे गट्टू या झिजायच्याच वस्तू, काकांनीही बदलल्याच असणार.

मोजून घ्या फक्त. जुनी चाकं बहुधा 27 इंची, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास 630 मिलिमीटर. आजच्या चाकांचं माप 700सी, म्हणजे 622. आठचा फरक, म्हणून ब्रेकचे गट्टू चार मिलिमीटर खाली यायला हवेत. ब्रेक वाइनमनचे मधून ओढणारे असतील तर पट्टीत तेवढी जागा सहसा असते. मग टायर कुठल्याही दुकानात मिळतील.

दिंडोरीकर
ही सायकल घेऊन नाशिक-पंढरपूर सायकल वारीला या राव. विठोबाही बघेल.

गोदाकाठ
नाशिकला सायकलचं वेड आहेच. 2015 साली आपल्या डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या गटात रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर आमच्या कॉलनीतले निम्मे काका पहाटे हेल्मेट घालून सोमेश्वरकडे निघायला लागले.

पंचवटीची मुलगी
आणि परत येताना मिसळ. 😄

कॅम्पवाला
धागा आज वाचला. लॅमरोडकर, ती निळी रॅले मलाही माहीत आहे. मी कॅम्पातलाच, काकांच्या शेजारच्या गल्लीतला. तुम्ही मडगार्डच्या पांढऱ्या शेपटीबद्दल लिहिलंय म्हणून राहवलं नाही.

ते काकांनी स्वतः रंगवलं होतं. तोफखान्याचे ट्रक पहाटे अंधारात लॅम रोडनं जायचे, आणि काकांना पहाटेच फिरायचं असायचं. काकूंना धास्ती. म्हणून काकांनी घराच्या खिडक्यांना लावायचा पांढरा ऑइल पेंट आणून शेपटीला फासला, म्हणजे मागून दिवे पडले की दिसेल. दर दिवाळीला पुन्हा एक हात द्यायचे. मी ब्रश धरून उभा असायचो, कधी कधी मला मारू द्यायचे. खरवडून बघा, आत थरावर थर निघतील. त्यातला एखादा वाकडातिकडा माझा आहे.

चिमटा
बस. आता कोण म्हणतं रंग काढा?

मृण्मयी_इंदिरानगर
मी नाही म्हणत. शेपटी राहू दे, निळा राहू दे. पण जिथं लोखंड उघडं पडलंय तिथं नुसत्या मेणावर भागवू नका, प्रायमर आणि जुळता रंग ब्रशनं लावाच. नाहीतर दोन पावसाळ्यांत राखायला काही उरणार नाही.

केमिस्ट्रीवाल्या बाई
मृण्मयी, अगदी बरोबर. आणि नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवा. ते सुकून आत पातळ पापुद्रा धरतं.

लॅमरोडकर
कॅम्पवाला, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो उठून सायकलपाशी गेला आणि शेपटीच्या कडेला नखानं हळूच बघू लागला. थर दिसतात. "राहू दे," म्हणाला. मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत, फार आभारी आहे.

तर ठरलं ते असं. रंग राहणार. गंजाला ऑक्झॅलिकची फडकी, उघड्या जागी प्रायमर आणि जुळता निळा. वाट्या आणि सीट मूळच्याच (सीट ब्रुक्सचीच निघाली). रिमा, टायर, केबल, गट्टू, मागचा गिअर नवे. दांडीला चुंबक चिकटलं, म्हणजे लोखंडीच, तेल सोडणं चालू आहे. कॉटर पिना पाइपाच्या युक्तीनं निघाल्या, फिटरदादा, डावी तर पहिल्याच दणक्यात.

आता अडलंय फ्रीव्हीलपाशी. दोन दातांचा जुना पाना लागतो, मेनरोडपासून नाशिकरोडपर्यंत विचारलं, आजकालचे सगळे गोल दात्यांचे आहेत. छिन्नी लावायला मन होत नाही, कारण तो आवाज याच फ्रीव्हीलचा आहे. कुणाकडे आहे का?

सातपूरचा फिटर
छिन्नी लावू नका! दोन दातांचा पाना माझ्याकडे आहे. पण तो निसटला की फ्रीव्हीलच्या खाचा खातो, म्हणून वरून ॲक्सलचा नट लावून दाबूनच फिरवावा लागतो. चाक घेऊन शनिवारी संध्याकाळी सातपूरला या, व्हाइसमध्ये धरून काढू. पत्ता निरोपात पाठवतो. आऱ्या आणि नव्या रिमाही आणा, तिथंच चाक बांधून आऊट काढून, म्हणजे डुलू नये असं सरळ करून देतो.

कॅम्पवाला
शनिवारी मीही येतो. येताना पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणू का?

लॅमरोडकर
आणा. ब्रशही आणा.